नेक्स्ट संडे, चीफ

सर लायोनेलची आठवण निघाली की माझं आधी डोकं तापतं आणि मग नाकात कोळशाचा वास येतो. माणूस खानदानी होता हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तोही ते सुरुवातीलाच सांगायचा. 'सर' ही पदवी खापरपणजोबापासून घरात चालत आलेली. आडनावं दोन, मधे आडवी रेघ. ती दोन आडनावं मला कधी एका दमात म्हणता आली नाहीत, म्हणून घरी आम्ही त्याला जोडाक्षर म्हणायचो. तो भामटा असता, म्हणजे कुणा बसकंडक्टरचा मुलगा असून सर म्हणून मिरवत असता, तर मला तो आवडला असता. त्यासाठी निदान अक्कल तरी लागली असती. पण छे! किताब खरा, फौजेतलं मेजरपद खरं, भिंतीवर टांगलेले वाडवडील खरे. सगळं अस्सल होतं आणि त्यातलं काहीही त्याने स्वतः कमावलेलं नव्हतं.

हा माणूस सिंगापूरमध्ये काय करत होता? काही नाही. हार्बरफ्रंटला जहाजांच्या विम्याची एक कंपनी होती, तिच्या संचालक मंडळावर त्याला शोभेला ठेवला होता. मीटिंगला जायचा, "क्वाइट, क्वाइट" म्हणायचा, जेवायचा आणि घरी यायचा. एवढ्यासाठी कंपनीने त्याला मागच्या टेकडीवर एक बंगला भाड्याने घेऊन दिला होता. साहेबलोकांच्या काळातले काळ्या तुळयांचे आणि पांढऱ्या भिंतींचे बंगले अजून झाडीत आहेत ना, त्यातलाच एक. बंगल्याभोवती भरपूर हिरवळ, आणि त्या हिरवळीवर गोल फिरणारी त्याची स्वतःची रेल्वे.

रेल्वे म्हणजे काय, तर गुडघ्याएवढं इंजिन. खरं, कोळशावर चालणारं, वाफेचं. नाव 'ऑगस्टा', त्याच्या कुठल्याशा आत्याचं. रुळांमधलं अंतर वीतभर. मागे लांबट बाकडी, त्यांवर पोरं दोन्हीकडे पाय टाकून बसायची. आणि पुढे कोळशाच्या डब्यावर हा सहा फुटी जोडाक्षर, गुडघे कानाला लागलेले, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, गळ्यात लाल रुमाल, छातीवर रेजिमेंटचा बिल्ला. दर रविवारी सकाळी हा थाट. ते बघून ज्याला हसू येत नाही असा माणूस मला दाखवा.

मी हसायचो, आणि दर रविवारी जायचो. का जायचो ते सांगतो.

मी मरीन इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजांवर काढली. पुढे ती जहाजं भंगारात गेली, सगळीकडे डिझेल आलं, आणि माझं स्टीमचं तिकीट, म्हणजे वाफेच्या जहाजावर चीफ इंजिनिअर होण्याचा परवाना, कपाटात जाऊन पडला. सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी केली, निवृत्त झालो. मुलगा पुंगोलला राहतो, त्याच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये आम्ही दोघं. मुलगा आयटीत. बॉयलर म्हटलं की त्याला बाथरूममधला गीझर आठवतो. तिकिटाबद्दल कुणी विचारावं अशी आशा मी केव्हाच सोडली होती. आणि एका पार्टीत हा लंबू ग्लास हातात घेऊन आला, काय करत होतात म्हणाला, मी सांगितलं, तर ग्लास टेबलावर ठेवून त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "यू आर अ स्टीम मॅन!" खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. बायकोनेसुद्धा माझा हात असा कधी धरला नव्हता.

मग पुढच्या रविवारी गेलो, ऑगस्टा पाहिली आणि फसलो. मला ती चालवायची होती, बस. रेग्युलेटरचा दांडा आपल्या हाताने उघडायचा, पहिला हिसका पाठीला बसायचा, आणि एक फेरी मारायची.

"ज्या माणसाने वीस हजार घोड्यांचं टर्बाइन फिरवलं, त्याला त्या खेळण्याचं एवढं काय?" आमची मंगल, म्हणजे बायको, विचारायची. तिला कसं सांगणार? जन्म गेला वाफेत, पण तो जहाजाच्या पोटात. वरून कॅप्टनचा हुकूम यायचा, हाफ अहेड, आणि मी खाली वाफ सोडायचो. जहाज हललं हे पायाला कळायचं. कुठे चाललंय ते कधी दिसलं नाही. आपण सोडलेल्या वाफेवर आपणच बसून पुढे जायचं आणि समोरची वाट बघायची, हे मला मरायच्या आधी एकदा करायचं होतं.

हे मी जोडाक्षराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नेक्स्ट संडे, चीफ."

चीफ! माझं नाव सबनीस आहे हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. जहाजावर चीफ म्हणतात त्यात मान असतो. हा म्हणायचा ते हॉटेलात वेटरला हाक मारतात तसं.

तर रविवारचा कार्यक्रम असा. मी मेट्रोच्या जांभळ्या लाइनने पुंगोलहून पार हार्बरफ्रंटपर्यंत यायचो. तिथून टेकडी चढून शेडमध्ये. राख काढायची, नळ्या ब्रशने झाडायच्या, पाणी भरायचं, सांधे आणि दांडे तेलाने पुसायचे. रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशावर भट्टी पेटवायची आणि दगडी कोळसा थोडा थोडा चढवायचा. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेचे नळ उघडझाक करून ती तपासायची, कारण काचेत दिसणारं पाणी खरं असतंच असं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. सिंगापूरची हवा आणि त्यात भट्टीपुढे वाकलेला मी! वाफेच्या दाबाचा काटा शंभरावर गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरायला लागला की बंगल्याचं दार उघडायचं. आंघोळ करून, पावडर लावून, अंड्याचा नाश्ता करून जोडाक्षर खाली यायचा. काट्याकडे बघायचा. "गुड गर्ल," म्हणायचा. मला नाही, इंजिनाला. आणि टांग टाकून बसायचा.

मी काय करायचो? मी पोरांना बाकड्यांवर बसवायचो आणि हिरवा झेंडा दाखवायचो.

फेऱ्या संपल्या की, "ड्रॉप द फायर, चीफ." म्हणजे आग उपसून टाका. ती मी उपसायचो. आणि जाताना तेच, "नेक्स्ट संडे, चीफ." एकदा पाहुणे होते म्हणून, एकदा पाऊस भरून आला म्हणून, एकदा त्याचा गुडघा दुखत होता म्हणून. गुडघा दुखतोय तर मग मी चालवतो ना, असं कुणालाही सुचलं असतं! त्याने गुडघा दुखत असताना दुप्पट फेऱ्या मारल्या, कारण बसल्यावर बरं वाटतं म्हणे.

आता त्याच्या या रेल्वेचे नियम. व्हरांड्यातून हिरवळीवर यायच्या पायवाटेला रूळ आडवे जायचे. तिथे त्याने कमरेएवढं पांढरं फाटक बसवलं होतं. गाडी येतेय म्हटलं की फाटक बंद, आणि मग कुणीही असो, उभं राहायचं. गाडीने फाटकापाशी लांब शिट्टी द्यायची, मग पलीकडे जायचं. रेल्वेपुढे सगळे सारखे, हे तो छाती काढून सांगायचा. ज्या माणसाला माझं नाव माहीत नव्हतं तो हे सांगायचा.

एकदा बरीच मंडळी जमली होती आणि अचानक धो धो पाऊस आला. बायका साड्या, फ्रॉक सावरत व्हरांड्याकडे पळाल्या, तर फाटक बंद. गाडी निघालेली! गाडीत कोण, तर हा एकटा. मागची बाकडी रिकामी. त्याच्याकडे काम करणारी लिता नावाची फिलिपिनो बाई हातात केकचं ताट घेऊन उभी, केकचं पाणी पाणी होतंय, एक म्हाताऱ्या बाई कुडकुडतायत. कुणी म्हणालं, "जाऊ द्या ना, उघडा." मी फाटकाला हात लावला तर हा हिरवळीच्या त्या टोकावरून ओरडला, "नॉट टिल आय हॅव पास्ड!" सावकाश आला, लांब शिट्टी दिली, भिजलेल्या सगळ्यांना सलाम ठोकला आणि पुढे गेला. मग आम्ही आत गेलो. लिताने तो केक चमच्याने वाढला.

फौजेतल्या गोष्टी विचारू नका. त्याच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती प्रत्येक पार्टीला व्हायची. सरावाच्या वेळी एक मोडका पूल सुरुंगाने उडवायचा होता. याने नकाशा उलटा धरला आणि दुसराच, चालू असलेला पूल उडवला. "क्लीन अ‍ॅज अ व्हिसल!" म्हणून हा मांडीवर थाप मारायचा. सगळे हसायचे. मी एकदा विचारलं, "मग तुमचं काय झालं?"

"माझं?" त्याला प्रश्नच कळला नाही. "काही नाही. माझे काकाच जनरल होते. मला मेजर केलं."

आमच्याकडे एखाद्या फोर्थ इंजिनिअरने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर पुढच्या बंदरात त्याची बॅग धक्क्यावर ठेवायचे. मी स्वतः दोघांच्या ठेवल्यात. आणि हा गावच्या लोकांचा पूल उडवून बढती घेऊन आला! त्या गावचे लोक नंतर नदी कशी ओलांडायचे, हे मी विचारलं नाही. त्यालाही माहीत नसणार.

आणखी एक लाडकं वाक्य होतं. मी पुण्याचा हे कळल्यावर म्हणाला, "पूना! आमचे पणजोबा होते तिकडे. आम्हीच तुम्हाला रेल्वे दिली, चीफ." वर "जल्दी करो" हे त्याला येणारं एकमेव हिंदुस्तानी वाक्य म्हणून दाखवलं. मी हातात पाना धरून म्हणालो, "दिली खरी. पण घाट फोडताना मेली ती आमची माणसं. तुमचे पणजोबा परत गेले ना घरी?" त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "क्वाइट, क्वाइट." या माणसाचा अपमानसुद्धा करता यायचा नाही. अपमान कळायला समोरचा माणूस आहे हे आधी दिसावं लागतं.

आता श्रीखंडाची गोष्ट, ती मंगल मला अजून ऐकवते. एका रविवारी मंगल मला न्यायला आली होती. हा तिच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "यू मस्ट कम टु डिनर. बोथ ऑफ यू. सॅटर्डे, से?" मी पुणेकर. 'या एकदा घरी' याचा अर्थ 'येऊ नका' असा असतो, हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही. पण तेच इंग्रजीत म्हटलं की आपण भाबडे होतो, आणि मंगल सांगलीची. तिच्याकडे बोलावलं म्हणजे बोलावलं. शुक्रवारी रात्री चक्का टांगला, वेलदोडा, केशर, जायफळ, सगळं साग्रसंगीत. तिच्या रुखवतातला कडीचा स्टीलचा डबा काढला. शनिवारी नवी साडी नेसून, टॅक्सी करून गेलो.

दार त्यानेच उघडलं. चड्डी आणि बनियन. मागे टीव्ही चालू, टीपॉयवर उकडलेलं अंडं. आम्हाला बघून तोंड उघडं राहिलं, पण खानदानी ना! लगेच, "हाऊ स्प्लेंडिड!" व्हरांड्यात बसवलं, बिस्किटं आणली, मंगलला सरबत म्हणून चक्क जिन दिली. डबा घेऊन आत गेला. अर्ध्या तासाने आम्ही उठलो. जाताना म्हणतो, "यू मस्ट कम टु डिनर समटाइम."

टॅक्सीतच मंगलने नव्या साडीचा पदर कमरेला खोचला. घरी येऊन तिने पिठलं टाकलं.

आणि डबा? तो मला महिन्याभराने शेडमध्ये सापडला. त्यात सिलिंडरचं जुनं काळं तेल भरून ठेवलेलं, वर ब्रश. मी मंगलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने टेकडी चढून जाऊन त्याला तिथेच सोलला असता.

माझ्यासारखा मूर्ख त्यानंतरही जात राहिला. इतकंच नाही, एका रविवारी त्याच्याबरोबर पुलाउ उबीनला सुद्धा गेला. बेटावर दगडाच्या जुन्या खाणी आहेत, तिथे पूर्वी म्हणे ट्रॉलीचे रूळ होते, ते शोधायचे. जोडाक्षर खाकी हाफपँट, होकायंत्र आणि छडी घेऊन आला. चांगीच्या धक्क्यावरून बोटीने गेलो. सगळं जग तिथे भाड्याची सायकल घेऊन आरामात फिरतं. हा मात्र होकायंत्र धरून नाकासमोर झाडीत घुसला, मी मागे, डास दोघांना. तासभर चिखल तुडवून एका मलाय म्हातारीच्या परसात निघालो. तिच्या कोंबड्यांच्या कुंपणाचा एक खांब गंजलेल्या रुळाच्या तुकड्याचा होता. बस! या गृहस्थाने इकडेतिकडे न बघता तो खांब गदागदा हलवून उपटला. कुंपण आडवं, कोंबड्या चौफेर, म्हातारी झाडू घेऊन बाहेर. तिची भाषा मला येत नाही, पण ती काय म्हणत होती ते शब्दन् शब्द कळलं आणि पटलंही. मी माफी मागत खांब परत पुरला, दगडाने ठोकला, कोंबड्या हाकल्या. हा त्या वेळी काय करत होता? फोटो काढत होता. परतताना बोटीत म्हणाला, "फर्स्ट रेट डे, चीफ. नेक्स्ट संडे, शी इज युअर्स."

आणि मला पुन्हा खरं वाटलं. हात धरून 'स्टीम मॅन' म्हणणारा जगात दुसरा कुणी नव्हता, काय करू?

माझी नात इरा तेव्हा पहिलीत गेली होती. पुंगोलच्या एलआरटीला, म्हणजे छोट्या मेट्रोला, ड्रायव्हर नाही, जांभळ्या लाइनला ड्रायव्हर नाही, त्यामुळे आगगाडी माणूस चालवतो हेच तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, "मी नेतो तुला. बघ, आजोबांची गाडी कशी धूर सोडत जाते." नेलं तिला. ती बाकड्यावर बसली, फेऱ्या मारल्या, खूश झाली. परत येताना मेट्रोत माझे काळे हात बघत इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, यू आर द क्लीनर, इज इट? दॅट अंकल इज द ड्रायव्हर."

"अगं, मी पण ड्रायव्हर आहे."

"बट यू नेव्हर ड्राइव्ह, व्हॉट."

समोर बसलेली एक बाई हसली. मला राग आला, आणि तो पोरीचा नव्हता. मी इराला म्हणालो, "पुढच्या वेळी मी चालवणार आणि तू माझ्या मागे बसणार." म्हणजे जोडाक्षराचं वाक्य मी माझ्या नातीला ऐकवलं. फरक एवढाच की मी ते खरं करणार होतो.

पुढे बंगल्याचा भाडेकरार संपला. कंपनीत नवे लोक आले, त्यांना शोभेचा सर नको होता. इंग्लंडहून मुलीने बोलावलं. ऑगस्टा ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा क्लबाला दिली होती, सोमवारी खोक्यात घालून न्यायची होती. म्हणजे रविवार शेवटचा. आदल्या आठवड्यात मी त्याला शेडमध्ये गाठला आणि स्पष्ट विचारलं, "शेवटची फेरी माझी. हो की नाही?"

त्याने टाचा जोडल्या. "माय वर्ड अ‍ॅज अ‍ॅन ऑफिसर, चीफ. शेवटची गाडी तुमची."

मी मंगलला आणि इराला घेऊन गेलो. स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, कधी नव्हे तो. तरी भट्टी मीच पेटवली आणि शर्टाचं व्हायचं ते झालं. पाहुणे पुष्कळ. जोडाक्षराने फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. दुपार झाली, मंडळी जिनचे ग्लास घेऊन व्हरांड्यात सरकली. मग त्याने जाहीर केलं, "लेडीज अँड जेंटलमेन, द लास्ट ट्रेन!" मी झेंडा खाली ठेवला, हात पुसले, इराचा हात धरून पुढे झालो. तर हा टोपी सारखी करून बसला आणि निघून गेला.

मला वाटलं, एक फेरी मारून उतरेल. त्याने दोन मारल्या. शिट्टी, सलाम, टाळ्या. शेडपाशी येऊन उतरला, गुडघा चोळला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजारी लाकडाचं नवं कोरं खोकं उघडं पडलेलं, वर ऑस्ट्रेलियाचा पत्ता. त्याला टेकून तो म्हणाला, "नेक्स्ट संडे, चीफ. ड्रॉप द फायर, विल यू?" आणि फाटक ओलांडून, ते मागे लावून, भाषण करायला व्हरांड्यात गेला.

तो खोटं बोलला नाही हो. तेच तर! वचन मोडायलासुद्धा ते लक्षात असावं लागतं. त्याच्या तोंडातून ते वाक्य शिंकेसारखं यायचं, आणि मी मूर्ख ते इतकी वर्षं झेलत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहासष्ट वर्षांचा घोडा मी, गुडघ्याएवढ्या इंजिनापाशी उभा राहून रडकुंडीला आलो होतो. इराने माझी बाही ओढली. "आजोबा, यू सेड टुडे, व्हॉट."

मंगल शेडच्या दारात उभी होती. तिच्या हातात काळ्या तेलाने बरबटलेला कडीचा डबा. तिला तो सापडला होता. मला वाटलं आता माझी धडगत नाही. तिने ते तेल गटारात ओतलं, डबा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि शांतपणे विचारलं, "आग विझली का हो?"

आता आग विझवायला तो हुकूम देतो, पण ती विझते माझ्या हाताने. शेवटच्या फेरीआधी मी, का कोण जाणे, भट्टीच्या मागच्या बाजूला ताजा कोळसा दाबून रचला होता. जहाज धक्क्याला लागलं तरी आम्ही वाफ उतरू द्यायचो नाही, कधी हुकूम येईल सांगता येत नाही. काटा साठावर होता. मी भट्टीला वारा देणारा ब्लोअर जरा उघडला. निखारे पांढरे झाले.

"आहे," मी म्हणालो.

"कोळसा तुम्ही घातलात, वाफ तुम्ही केलीत, आता वाट कुणाची बघताय? बसा!"

बसलो. इरा मागे, माझा मळका शर्ट मुठीत धरून. पाण्याची काच तपासली, पाणी भरपूर. ब्रेक काढला, दांडा हळू उघडला. हिसका बसला. काय सांगू तुम्हाला! सगळं शरीर पुढे गेलं आणि समोर रूळ होते, गवत होतं, वळण होतं, आणि मला ते दिसत होतं. इरा किंचाळली. पहिलं वळण घेतलं, चाफ्याच्या झाडाखालून गेलो, धूर माझ्याच डोळ्यांत गेला तरी मी हसत होतो.

वाफेचा भकभक आवाज ऐकून व्हरांड्यातलं भाषण थांबलं. जोडाक्षर ग्लास हातात घेऊन पायऱ्या उतरून धावत निघाला. "आय से! चीफ! आय से!" लांब टांगा टाकत येतोय, तोंड लाल. मी मनात म्हटलं, येऊ दे, आज ढकलून देतो. तेवढ्यात तो फाटकापाशी आला. फाटक बंद होतं. आणि हा माणूस थांबला! कमरेएवढं फाटक. टांग टाकली असती तर पलीकडे आला असता. पण गाडी येत होती. गाडी जाईपर्यंत कुणीही पलीकडे जायचं नाही. तो फाटकावर दोन्ही हात ठेवून, टाचा जोडून उभा राहिला.

"व्हिसल!" तो ओरडला. "यू मस्ट व्हिसल, चीफ!"

मी शिट्टी दिली नाही. मुद्दामच. त्याच्या नाकाखालून तसाच पुढे गेलो. जाताना त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, जळफळाट तरी बघून घेऊ. तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता, ऑगस्टाच्या चाकांकडे, दांड्यांच्या वरखाली होण्याकडे, तोंड थोडं उघडं ठेवून. ग्लास कलंडून जिन त्याच्या बुटावर सांडत होती.

मागून इरा म्हणाली, "आजोबा, व्हाय द अंकल लाइक दॅट वन? ही नेव्हर सी हिज ट्रेन बिफोर, इज इट?"

मी दांड्यावरचा हात क्षणभर ढिला केला. पोरगी बरोबर बोलत होती. इतके रविवार त्याने एकदाही कुणाला तिथे बसू दिलं नव्हतं. वर टोपीची कड आणि समोरचा धूर, एवढंच त्याने पाहिलेलं. आपली आगगाडी हिरवळीवरून जाताना कशी दिसते, हे त्या खुळ्याला ठाऊकच नव्हतं. आणि उद्या ती खोक्यात जाणार होती.

दुसऱ्या फेरीला तो तिथेच होता. टोपी काढून काखेत धरली होती. उन्हात टक्कल चमकत होतं. नालायक माणूस. नाव विचारलं नाही, डबा नासवला, शब्द गिळला, आणि मी त्याच्यासाठी का म्हणून काही करावं?

फाटक जवळ आलं, तशी मी साखळी ओढली. लांब शिट्टी दिली, नियमाप्रमाणे, आणि तो दिसेनासा होईपर्यंत सोडली नाही.